राइस्लिपच्या रानात ब्लूबेल बघायला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळी माहिती

मार्च संपत आला की दरवर्षी दोनचार जण तरी विचारतातच, अगं ते निळ्या फुलांचं जंगल कुठे, कधी जायचं, गाडी लागेल का, आईबाबा आलेत त्यांना झेपेल का. प्रत्येकाला फोनवर अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. लंडनच्या आसपास ब्लूबेलची रानं बरीच आहेत आणि त्यातली फेमस ठिकाणं गाठायला लोक दोन दोन तास ड्राइव्ह करतात, पण हॅरो, वेंब्ली, अक्सब्रिज या पट्ट्यात आपली एवढी मंडळी राहतात आणि तिथेच, ट्यूबच्या म्हणजे लंडनच्या मेट्रोच्या झोन ६ मध्ये, ३०५ हेक्टरचं जुनं रान आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. राइस्लिप वुड्स. स्पेलिंग बघून आपण रुइस्लिप म्हणतो पण तिथे कुणाला पत्ता विचारायचा तर राइस्लिप म्हणा.

जुनं म्हणजे नक्की काय जुनं

हे आधी समजून घ्या नाहीतर गेल्यावर हिरमोड होईल. एन्शंट वुडलँड म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे देवराई येते, कवेत न मावणारी झाडं, जाडजूड वेली, दिवसा अंधार. इथे तसं नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं हे कसलं प्राचीन, सगळीकडे मनगटाएवढ्या नाहीतर मांडीएवढ्या खोडांचे झुपके आहेत. मग वाचत गेले, फिरत गेले, तसं कळलं की इथे जुनी आहे ती जमीन. इंग्लंडमध्ये ज्या जागेवर १६०० सालापासून आजपर्यंत सलग रान आहे तिला एन्शंट वुडलँड म्हणतात. वरचं झाड भले चाळीस वर्षांचं असेल, पण खालची माती, तिच्यातली बुरशी, किडे, कंद, हा सगळा गोतावळा शेकडो वर्षं न हलता तिथेच आहे आणि वसंतातली फुलं त्याच्या जिवावर येतात.

झाडांचे झुपके का, तर आपल्याकडे उसाचा खोडवा ठेवतात ना, अगदी तेच. हॉर्नबीम म्हणून झाड आहे, लाकूड भयंकर कडक, जळणाला आणि कोळशाला एक नंबर. ते बुंध्याशी तोडायचं, बुडखा तसाच ठेवायचा, त्याला पाचसात फुटवे येतात, वीसेक वर्षांनी ते परत तोडायचे, की परत फुटवे. मधले ओक मात्र उंच वाढू द्यायचे, ते घराच्या तुळयांना. याला कॉपिसिंग म्हणतात. ज्या तुकड्यात तोड होते तिथे एकदम ऊन जमिनीपर्यंत पोचतं आणि पुढचे दोनतीन वसंत तिथे फुलांचा नुसता सडा पडतो. आजही रानाच्या काही भागांत आळीपाळीने अशी तोड करतात, त्यामुळे एखादा तुकडा मोकळा आणि बाजूला लाकडं रचलेली दिसली तर मी घाबरले होते तसं घाबरू नका, बुडख्याजवळ जाऊन बघा, पालवी फुटलेली दिसेल.

किती जुनं ते सांगते. १०८६ सालच्या डोम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, राइस्लिपच्या रानाची नोंद आहे आणि तिथे माप दिलंय ते डुकरांमध्ये, १५०० डुकरं चरतील एवढं रान, म्हणजे ओकची फळं खाऊन. शिवाय रानटी जनावरांसाठी राखलेल्या पार्कची पण नोंद आहे, आजच्या पार्क वुडच्या, म्हणजे या रानाच्याच एका भागाच्या, नावात तोच पार्क. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ साली, त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १३३९ मध्ये, इथला ओक टॉवर ऑफ लंडनच्या कामाला गेला, आणि १३४४ मध्ये विंडसर कॅसलला. ते पार्क वुड पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या ताब्यात होतं, १९३१ मध्ये ते लोकांसाठी विकत घेतलं गेलं म्हणून वाचलं, नाहीतर आजूबाजूला घरं कशी उगवली ते ट्यूबमधून दिसतंच. १९९७ मध्ये याला नॅशनल नेचर रिझर्व्हचा दर्जा मिळाला, इंग्लंडमध्ये शहरी भागातल्या रानाला तो मिळायची ती पहिलीच वेळ.

पायरी १: तारीख

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात आणि मी पण चुकले. पहिल्या वर्षी आईबाबा मे मध्ये आले, म्हटलं मे म्हणजे वसंत, नेऊ त्यांना, आणि २० मेला घेऊन गेले. वर झाडांची पानं गच्च दाटलेली, खाली ब्लूबेलची पात पिवळी पडून लोळतेय, काड्यांवर बोंडं. एक फूल नाही. बाबा म्हणाले, "सावली छान आहे गं." मला फार वाईट वाटलं, तिकीट त्यांनी एवढ्या लांबून काढलेलं.

कारण साधं आहे. झाडांना पानं फुटून ऊन अडायच्या आत या फुलांना सगळं उरकायचं असतं, पान काढायचं, फुलायचं, बी धरायचं, पुढच्या वर्षाचं जेवण कंदात भरून ठेवायचं. कासला गेलेल्यांना माहितीय आठवडाभर मागेपुढे झालं तर काय होतं, इथे तसंच समजा.

लंडनच्या बाजूला साधारण असं असतं: मार्चमध्ये पिवळी लेसर सेलेंडाइन, मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत पांढरी वुड अनेमोनी, आणि एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ब्लूबेल. थंडी लांबली की सगळं थोडं पुढे जातं, उबदार वर्ष असेल तर अलीकडे येतं, म्हणून निघायच्या आधी त्याच आठवड्यातले कुणीतरी टाकलेले फोटो सोशल मीडियावर शोधून बघा, मागच्या वर्षीचे नाही.

एकदाच जमणार असेल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा धरा. पण माझं ऐकाल तर दोनदा जा, एप्रिलच्या पहिल्या रविवारी पांढऱ्यासाठी आणि शेवटी निळ्यासाठी. सगळे निळ्याच्या मागे असतात म्हणून पांढऱ्याच्या वेळी रान रिकामं असतं. शिवाय मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे गेलेली असतात, एप्रिलअखेर आठपर्यंत उजेड असतो, ऑफिस सुटल्यावर पण आरामात होतं.

पायरी २: पोचायचं कसं

मेट्रोपॉलिटन लाइनची अक्सब्रिजची गाडी पकडा आणि राइस्लिपला उतरा. गाडी अक्सब्रिजचीच आहे ना ते डब्यात चढताना बघा, वॉटफर्ड नाहीतर अमर्शमची असेल तर हॅरो ऑन द हिलला बदलायला लागेल. पिकाडिलीने पण येता येतं पण तिच्या बऱ्याच गाड्या रेनर्स लेनला संपतात. वीकेंडला लाइन बंद असण्याचे प्रकार होतात, ते सकाळी बघूनच निघा.

स्टेशनपासून दोन पर्याय. चालायला त्रास असेल तर एच१३ बस, ती थेट राइस्लिप लिडोला नेते, लिडो म्हणजे रानाच्या मधलं तळं. पाय धड असतील तर चाला, जास्त मजा आहे. हाय स्ट्रीटने सरळ वर गेलं की टोकाला जुनं चर्च आणि त्याच्या शेजारी मॅनॉर फार्म, तिथलं मोठं लाकडी कोठार तेराव्या शतकाच्या शेवटाचं आहे, याच रानातल्या ओकचं. दार उघडं असेल तर आत जाऊन वर बघा, त्या तुळया बघितल्या की नंतर रानातले ओक वेगळेच दिसायला लागतात. बाजूच्या छोट्या कोठारात गावाची लायब्ररी आहे. तिथून पिन नदी जवळ आहे, नदी म्हणायची पण ओढ्याएवढीच, तिच्या काठाने सेलेंडाइन रूटच्या पाट्या आहेत, त्या पिवळ्या फुलावरूनच नाव पडलंय. पाट्या धरून किंग्ज कॉलेजच्या मैदानांपर्यंत या की समोर पार्क वुडची कड दिसते. आत शिरायचं आणि वर-खाली करत पलीकडे लिडोला उतरायचं, रमतगमत दोन तास धरा.

गाडीने येणार असाल तर लिडोजवळ पार्किंग आहे, पण ऊन पडलेल्या रविवारी अकरानंतर जागा मिळणं कठीण, मी तर म्हणीन गाडी नकोच.

पायरी ३: पायात काय, बरोबर काय

जमीन चिकणमातीची आहे, पाऊस होऊन तीन दिवस झाले तरी चिखल असतो आणि तो बुटाला असा धरून बसतो की पाऊल उचलताना आवाज येतो. चालायचे बूट नाहीतर सरळ वेलीज, म्हणजे गमबूट. पांढरे स्नीकर्स नकोत. वर पातळ पातळ दोनतीन थर, कारण उन्हात घाम येतो आणि झाडाखाली शिरलं की थंडी वाजते.

पायजमा-पँट पूर्ण लांबीची आणि मोजे वर ओढलेले, हे टिकसाठी सांगतेय, म्हणजे आपल्या गोचिडीची बहीण. तिच्यातून लाइम डिसीज होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्याची मागची बाजू, कंबर, मुलांच्या कानांच्या मागे आणि केसांच्या कडेला नीट बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, तेल-बिल लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल पसरत जाणारा लाल डाग दिसला किंवा तापासारखं वाटलं तर जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, गाठा आणि टिक चावली होती हे आठवणीने सांगा.

पाणी आणि डबा बरोबर घ्या. रानात टॉयलेट नाही, लिडोजवळ आहे, तेव्हा निघताना जाऊन या.

पायरी ४: आत गेल्यावर घाई करू नका

पहिली दहा मिनिटं फोन खिशात ठेवा. लांबून बघितलं तर ब्लूबेल म्हणजे झाडांच्या बुंध्यांमध्ये धूर साचल्यासारखा दिसतो, निळा की जांभळा ते ठरवता येत नाही. मग वाटेच्या अगदी कडेचं एक रोप निवडा आणि उकिडवं बसा. दांडा वर एका बाजूला वाकलेला असतो, लग्नात मुंडावळ्या लोंबतात तशी सगळी फुलं त्याच बाजूला लोंबतात. एकेक फूल अरुंद घंटेसारखं आणि पाकळ्यांची टोकं मागे गुंडाळलेली. आत डोकावलं तर पराग मळकट पांढरे, सायीच्या रंगाचे. आणि वास, तो एका फुलाला जेमतेम येतो, पण सकाळी दमट हवेत उतारावर उभं राहिलं की सगळ्या बाजूंनी येतो.

हे सगळं मुद्दाम सांगितलं कारण इथल्या बागांमधून स्पॅनिश ब्लूबेल पण पसरलेलं असतं, ते ताठ उभं राहतं, फुलं दांड्याच्या चारी बाजूंना, पराग बहुतेक निळसर आणि वास जवळजवळ नाहीच. दोघांचा संकर होतो म्हणून मूळच्या ब्लूबेलची काळजी घेतात. जगातली साधारण निम्मी ब्लूबेल एकट्या ब्रिटनमध्ये आहेत, ते संपलं तर दुसरीकडून आणता येणार नाही.

वुड अनेमोनी माझी जास्त लाडकी. पांढरी चांदणी, बोटभर दांड्यावर, मागच्या बाजूने कधी कधी गुलाबी झाक. ऊन असलं की पूर्ण उघडून सूर्याकडे तोंड करते. एकदा मी तिच्यासमोर बसलेली असताना मोठा ढग आला आणि वीसेक मिनिटांत अख्खा तुकडा मान खाली घालून मिटायला लागला, ढग गेला आणि परत हळूहळू वर. पावसात आणि संध्याकाळी मिटलेली असते, त्यामुळे तिच्यासाठी जायचं तर उन्हात दुपारीच जा. हिचं बी इथे फारसं रुजत नाही, जमिनीखालच्या खोडाने सरकत सरकत पसरते, शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट असं म्हणतात. म्हणजे मोठ्या खोलीएवढा पांढरा तुकडा दिसला तर तो किती शतकांचा असेल त्याचा हिशोब तुम्हीच करा. म्हणूनच ही फुलं दिसली की जाणकार म्हणतात, हे रान जुनं.

एक धोक्याची गोष्ट. ओलसर जागी तुम्हाला बाणाच्या टोकासारखी हिरवीगार चकचकीत पानं दिसतील, कधी त्यावर काळे ठिपके, आणि आपल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो, अळू! कुळ खरंच अळूचंच आहे, पण हे लॉर्ड्स अँड लेडीज, विषारी. तोंडात गेलं तर घसा जाळतं. तसंच लसणाच्या वासाची रानटी पात इंग्लंडच्या अशा रानांमध्ये असते आणि लोक तिची चटणी करतात, पण तिच्यातच ही पानं उगवलेली असू शकतात, ब्लूबेलची पात पण विषारी. इथलं काही तोडायचं नाही आणि खायचं तर मुळीच नाही. कंद उपटणं तर कायद्याने गुन्हा आहे, १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली.

पायरी ५: वाट सोडायची नाही

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. ब्लूबेलचं फूल तुडवलं तर ते वर्ष गेलं एवढंच नुकसान होत नाही. पान चिरडलं की ते ऊन खाऊ शकत नाही, कंदात काही साठत नाही, पुढच्या वर्षी तो कमजोर निघतो आणि परत परत तुडवला की मरतो. बी पडल्यापासून फूल यायला पाचेक वर्षं लागतात.

दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब फोटोशूटला आलेलं, छोट्या मुलीला छान फ्रॉक घालून फुलांच्या मध्यभागी बसवलं, आणि तिच्यापर्यंत जायला फोटोवाला, आई, मावशी अशी तीनचार जणं येऊन-जाऊन करत होती. मला धीर करून बोलता आलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे. पुढच्या एप्रिलमध्ये गेले तर बरोबर त्याच जागी वाटेपासून आत जाणारा तपकिरी पट्टा होता, दोन्ही बाजूंना निळं आणि मधे माती. आता कुणी आत पाऊल टाकताना दिसलं तर मी हसून सांगते, "पानं मरतात हो खाली," आणि बहुतेक लोक लगेच मागे येतात, त्यांना खरंच माहीत नसतं.

फोटोसाठी आत जायची गरजच नाही. वाटेवरच खाली बसा, फोन जवळजवळ जमिनीला टेकवा, थोडा झूम करा, मधली मोकळी जागा गायब होते आणि तुम्ही फुलांत बसल्यासारखंच दिसतं. भर दुपारच्या उन्हात निळा रंग उडतो, सकाळी लवकर, संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी गडद येतो. कुत्रं बरोबर असेल तर पट्ट्यावर ठेवा.

आईबाबांना आणि मुलांना घेऊन

आई साडीवर बूट घालायला नाही म्हणेल, तिला चिखलाचा फोटो आधी दाखवा. कानटोपी घ्या. संपूर्ण रान ओलांडायचा हट्ट नको, बसने लिडोला उतरून तिथूनच पार्क वुडच्या कडेच्या वाटेवर अर्धा तास आत गेलं तरी पुरेसं बघून होतं. डोक्यावरून ओरडत हिरवे पोपट जातील, ते आपल्याकडचेच, पाळलेले सुटून पश्चिम लंडनभर पसरलेत. माझ्या बाबांनी दुसऱ्या वेळी फुलांच्या आधी त्यांनाच ओळखलं. सुतार पक्ष्याची टकटक पण ऐकू येईल, नुसती ठोकी नाही, ड्रमसारखी सलग.

रस्ता चुकायची भीती बाळगू नका, चारी बाजूंना रस्ते नाहीतर घरं आहेत, हिलिंग्डन ट्रेलच्या पाट्या पण भेटतात. वाटा मात्र इतक्या आहेत की ऑफलाइन मॅप ठेवलेला बरा. वेळ असेल तर डक्स हिल रोडच्या दोन्ही बाजूंना कॉप्स वुड आणि मॅड बेस वुड पण बघा. मॅड बेस म्हणजे अठराव्या शतकातल्या इथल्या रखवालदाराची बायको, चोरून शिकार करणाऱ्यांना पकडायला रात्रीची रानात फिरायची असं सांगतात. मुलांना ही गोष्ट लिडोला पोचेपर्यंत पुरते.

लिडोचं तळं १८११ मध्ये कालव्याला पाणी पुरवायला बांधलं, आणि त्याच्या पाण्याखाली पार्क हर्न नावाची वाडी गेली. धरणात गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला तिथे काठावर बसून वेगळंच वाटतं. पोहायला बंदी आहे. वाळूचा किनारा आहे, मुलांना खेळायला जागा आहे, आणि स्वयंसेवक चालवतात ती छोटी आगगाडी तळ्याच्या कडेने रानातून जाते. डबा इथे खा.

परत निघताना बूट गवतावर घासून घ्या, नाहीतर एच१३ मध्ये चिखलाचे ठसे पडतात. आणि आईबाबांचं तिकीट अजून काढायचं असेल तर मे नको, एप्रिलच्या मध्यापर्यंत ते इथे पोचतील असं बघा, म्हणजे जेटलॅग जायला आठवडा मिळतो आणि शेवटच्या आठवड्यात त्यांना नेता येतं. आम्ही दुसऱ्या वर्षी तसंच केलं होतं.